साथीच्या काळात विद्यापीठाचा परिसर चालू ठेवायचा तर आराखड्यात नेमकं काय हवं?

वसतिगृह_समिती

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठात श्वसनातून पसरणाऱ्या साथीसाठी आराखडा लिहायचं काम सुरू आहे. वर्ग, वसतिगृहं आणि मेस हा भाग माझ्याकडे आला आहे. हाताशी २०२०-२१ ची परिपत्रकं आहेत: फाटकावर ताप बघणारी बंदूक, जागोजागी सॅनिटायझर, दिवसातून दोनदा फवारणी, बाकांवर फुल्या, आणि ‘लक्षणे आढळल्यास विद्यार्थ्याने त्वरित कळवावे’. एवढंच पुन्हा लिहायचं असेल तर समिती कशाला हवी?

परिस्थिती अशी: ४,२०० विद्यार्थी, त्यातले १,६०० वसतिगृहात. एका खोलीत तिघं, मजल्यावर सामाईक न्हाणीघरं. मेस एकच, ३०० खुर्च्यांची. वर्ग बहुतेक ९ × ७ मीटरचे, छत ३.२ मीटर, पट साठाचा. संगणक कक्ष आणि दोन सेमिनार हॉल स्प्लिट एसीचे, खिडक्या कायमच्या बंद. सांडपाणी दोन वसतिगृहांचं सेप्टिक टँकमध्ये, बाकीचं पालिकेच्या गटारात.

विचारायचं ते असं: हवा किती लागते आणि ती मोजायची कशी? चाचण्या कोणाच्या, किती वेळा? आयसोलेशनला खाटा किती धरायच्या? आणि पैसे थोडे असतील तर आधी कुठे घालायचे?

खेळती_हवा

आधी हवा. मास्क, अंतर, हात धुणं हे सगळं हजारो माणसांनी रोज पाळावं लागतं. भिंतीत बसवलेला एक्झॉस्ट (हवा बाहेर फेकणारा पंखा) कोणाच्या शिस्तीवर अवलंबून नसतो.

तुमच्या वर्गाचं घनफळ साधारण २०० घनमीटर. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण संस्था) मे २०२३ मध्ये ताशी किमान ५ वेळा हवा बदलावी असं सांगितलं. त्या हिशोबाने ताशी १,००० घनमीटर हवा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा आकडा मात्र माणशी सेकंदाला १० लिटर असा आहे. साठ मुलांना ६०० लिटर, म्हणजे ताशी २,१६० घनमीटर, जवळपास ११ बदल. आपले वर्ग दाटीचे असल्यामुळे आपल्याला हा दुसराच आकडा लागू पडतो. खोलीच्या मापावरून पंखे घेतले तर निम्मीच हवा मिळते आणि कागदावर मात्र सगळं बरोबर दिसतं. तुकडी तीस-तीसची केलीत तर तीच हवा माणशी दुप्पट होते, तीही फुकट.

मोजायला कार्बन डायऑक्साइडचं मीटर घ्या: हवा बदलत नसेल तर श्वासातून सुटलेला हा वायू खोलीत साठतो. ते एनडीआयआर सेन्सरचंच (अवरक्त किरणांनी वायू मोजणारं) हवं. स्वस्त मीटर हवेतल्या वासांवरून अंदाज बांधतात आणि शेजारी कोणी सॅनिटायझर लावला की २,००० दाखवतात. घेतल्यावर उघड्यावर वीस मिनिटं ठेवा, ४०० ते ४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) यायला हवं. बरीच मीटर आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा ‘बाहेरची हवा’ समजून स्वतःला जुळवून घेतात. सतत कोंदट खोलीत टांगलेलं मीटर त्यामुळे हळूहळू खोटं बोलायला लागतं. आठवड्यातून एकदा त्याला बाहेर न्याच.

वर्गात मीटर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, माणसांपासून दीड मीटर आणि खिडकीपासून लांब ठेवायचं. तास सुरू होऊन चाळीस मिनिटं झाल्यावर, वर्ग भरलेला असताना आणि दारं-खिडक्या नेहमीसारख्या असताना आकडा घ्यायचा. पंधरा मुलांवर घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही. बसून ऐकणारा माणूस सेकंदाला साधारण ०.००५ लिटर वायू सोडतो, त्यावरून ८०० पीपीएम म्हणजे माणशी सुमारे १३ लिटर हवा, १,००० म्हणजे साडेआठ, १,५०० म्हणजे साडेचार, २,००० म्हणजे जेमतेम तीन. ९०० च्या वर गेलेली प्रत्येक खोली दुरुस्तीच्या यादीत घाला.

दुरुस्ती बहुतेक वेळा साधी असते. दारांवरचे झरोके रंगाने चिकटलेले किंवा कागद लावून बंद केलेले असतात, ते मोकळे करा. डासांच्या जाळ्यांवर धुळीचा थर बसला की हवा निम्मी होते, त्या महिन्याला धुवायच्या. पावसाळ्यात झडीमुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, तिथे वर छज्जा किंवा तिरप्या पट्ट्यांची खिडकी लागेल. हे जूनच्या आधी नाही केलं तर सप्टेंबरपर्यंत होत नाही. छताचा पंखा हवा आणत नाही, नुसती ढवळतो, पण खिडक्या उघड्या असतील तर तो चालूच ठेवा.

एवढ्यावर आकडा खाली आला नाही तर दारासमोरच्या भिंतीत ३०० मिमीचे एक्झॉस्ट. पाटीवरची क्षमता मोकळ्या हवेतली असते. जाळी, झडप आणि धूळ धरून निम्मी मोजा. नेहमी होणारी चूक म्हणजे एक्झॉस्टच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवणं: पंखा तिथलीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि मागची तीन बाकं तशीच कोंदट राहतात. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. आणि एक्झॉस्टचं तोंड ज्या व्हरांड्यात मुलं थांबतात तिकडे नको.

स्प्लिट एसी बाहेरची हवा अजिबात आणत नाही. सील केलेल्या संगणक कक्षात दोनच मार्ग आहेत: काच कापून एक्झॉस्ट बसवणं, किंवा हवा गाळणं. गाळायला एफ-७ दर्जाचे (बारीक कण अडवणारे, मर्व्ह-१३ च्या जवळचे) ६१० × ६१० मिमीचे चार फिल्टर उभे करून चौकोन करा, खाली प्लायवुड, वर प्लायवुडला भोक पाडून ४५० मिमीचा लोखंडी चौकटीचा एक्झॉस्ट, हवा वर फेकणारा. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला. सांधे फॉइल टेपने बंद करा, कारण तपकिरी टेप दमट हवेत सुटते. भोक पात्यांच्या व्यासाइतकंच ठेवा, मोठं झालं तर कडेने हवा उलटी फिरते. टेबल फॅन इथे चालत नाही, फिल्टरच्या अडथळ्यापुढे त्याचा जोर कमी पडतो.

वर ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) धरून पाच-सहा ठिकाणी वेग घ्या. सरासरी २ मीटर प्रति सेकंद आली तर ताशी सुमारे १,१४५ घनमीटर, त्यातली ७० टक्के स्वच्छ धरा: ८००. म्हणजे एक खोकं २२ माणसांपुरतं. चाळीस संगणकांना दोन लागतील. गाळण्याने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, तेव्हा अशा खोलीत मीटरचा आकडा बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. इथे हिशोब खोक्यांचा.

केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळांवर पैसे घालायची घाई नको. दीड मीटर रुंद फ्यूम हूडची (रसायनांच्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच ४५ सेंमी उघडी असेल आणि तोंडाशी वेग ०.५ मीटर प्रति सेकंद असेल तर एकटा हूड ताशी १,२०० घनमीटर हवा बाहेर टाकतो. फक्त तो नळीने छपराबाहेर जाणारा हवा. कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत खोलीत सोडणारा हूड यात मोजू नका.

साथरोग_ओपीडी

हवेबद्दल वर आलं आहे ते पूर्ण मान्य. चाचण्या आणि आयसोलेशनबद्दल लिहितो, पण त्याआधी एक गोष्ट जी कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त काम करते: आजारी असल्याचं सांगणाऱ्याचं काहीही बुडता कामा नये. ७५ टक्के हजेरीची अट तशीच ठेवून ‘त्वरित कळवावे’ असं लिहिलं तर मूल पॅरासिटामॉल घेऊन वर्गात येऊन बसणारच. बंदुकीला ताप दिसणार नाही. एरवीही तिला लक्षणं यायच्या आधी संसर्ग पसरवणारा दिसत नाहीच, आणि उन्हातून चालत आलेला निरोगी दिसतो.

कुलसचिवांच्या सहीने तीन वाक्यांचा आदेश काढून ठेवा. कळवल्यापासूनचे आजारपणाचे दिवस हजेरीच्या एकूण तासांतून वजा होतील. पहिल्या पाच दिवसांना डॉक्टरचा दाखला लागणार नाही. बुडालेली अंतर्गत परीक्षा पुन्हा होईल आणि गुणपत्रिकेवर त्याची खूण राहणार नाही. यातला एकही शब्द गुळगुळीत ठेवू नका, ‘विभागप्रमुखांच्या अधिकारात’ असं आलं की आदेश संपला.

चाचण्या. लक्षणं असलेल्याची अँटिजेन चाचणी त्याच दिवशी. निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा. लक्षणं नसलेल्या संपर्कातल्यांसाठी ४८ तासांच्या अंतराने तीन. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांवर देखरेख करणारी संस्था) ऑगस्ट २०२२ मध्ये कोविडसाठी हाच क्रम सांगितला, कारण पहिल्या दिवशी विषाणूचं प्रमाण पट्टीला दिसण्याइतकं नसतं. पहिली निगेटिव्ह येताच मुलाला खोलीत परत पाठवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. पट्टी १५ मिनिटांनी वाचायची, २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. किट २ ते ३० अंशांत ठेवायचं असतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचं भांडार चाळिशी गाठतं, तिथे पेट्या ठेवू नका.

वसतिगृहात येणाऱ्यांची सरसकट आरटी-पीसीआर करायची तर पूल करा, म्हणजे काही नमुने मिसळून एकच चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तरच त्यातल्या प्रत्येकाची वेगळी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एप्रिल २०२० च्या सूचनेत एका पूलमध्ये जास्तीत जास्त पाच नमुने, आणि तेही बाधितांचं प्रमाण कमी असलेल्या भागात. ५ टक्क्यांच्या वर पूल नको. १,६०० जणांत १ टक्का बाधित असतील तर पाचाच्या पूलने साधारण ४०० चाचण्यांत काम होतं. ५ टक्के असतील तर ६८० लागतात, शिवाय दुसऱ्या फेरीत एक दिवस जातो. नंतरच्या फेऱ्यांत पूल खोलीनिहाय तिघांचा करा. बाधित बहुधा एकाच खोलीत सापडतात, त्यामुळे पॉझिटिव्ह पूल कमी निघतात, आणि निकालाची वाट न पाहता ती खोली बाजूला काढता येते.

किती वेळा? नुसत्या संख्येने काही होत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने अर्बाना-शॅम्पेनच्या परिसरात २०२० च्या शरद सत्रात सगळ्यांची आठवड्यातून दोनदा लाळेची चाचणी केली. तरीही सप्टेंबरच्या सुरुवातीला आकडा उसळला, कारण काही बाधित विद्यार्थी आयसोलेशन मोडून पार्ट्यांना गेले. त्यानंतर निकाल आल्यापासून अर्ध्या तासात बाधिताला गाठणारं पथक त्यांनी उभं केलं. उलट उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल परिसरात प्रवेशाच्या वेळी चाचणी सक्तीची नव्हती. १० ऑगस्ट २०२० ला वर्ग उघडले आणि आठवड्याभरात ते ऑनलाइन न्यायचा निर्णय घ्यावा लागला. तुमच्या आराखड्यात ‘नमुना ते फोन’ या वेळेची मर्यादा लिहा: अँटिजेनला एक तास, पीसीआरला २४ तास. प्रयोगशाळा ७२ तास लावणार असेल तर त्या पैशात अँटिजेन किट घ्या.

खाटांचा हिशोब: रोजचे नवे बाधित × (आयसोलेशनचे दिवस + खोली रिकामी करून साफ करायचा एक दिवस). रोज दहा आणि सात दिवस धरले तर ८० खाटा, म्हणजे तुमच्या वसतिगृहाच्या ५ टक्के. त्या आधीपासून रिकाम्या ठेवाव्या लागतील. साथ आल्यावर मुलांना हलवून मजला मोकळा करायला गेलात तर दोन दिवस आणि बरीच भांडणं. खाटा ६० टक्के भरल्या की वर्ग ऑनलाइन, हा खटका आधीच लिहून ठेवा. त्या दिवशी बैठकीत ठरवायला बसू नका.

एक नियम ठळक अक्षरांत लिहा: निदान झालेले एका खोलीत राहू शकतात, संशयित कधीही नाहीत. निकालाची वाट बघणाऱ्या दहा जणांना एका हॉलमध्ये झोपवलं तर त्यातल्या एकाचा आजार उरलेल्या नऊ जणांना आपण आपल्या हाताने देतो. संशयिताला स्वतंत्र खोली, मग ती अतिथीगृहातली असली तरी चालेल.

आयसोलेशनच्या खोलीत तापमापी, पल्स ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, मास्क, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या, एक्स्टेन्शन बोर्ड. दाराबाहेर स्टूल, डबा त्यावर. दिवसातून दोनदा फोन, तोही एकाच माणसाचा. रोज वेगळा आवाज आला की मुलं ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देतात. ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली आला की थांबायचं नाही, थेट रुग्णालय. आकडा बरा असून दम लागत असेल तर सहा मिनिटं खोलीत चालायला सांगून पुन्हा बघा, ३ टक्क्यांहून जास्त घसरण म्हणजे रुग्णालय. नेलपॉलिश, मेंदी आणि थंड बोटं आकडा बिघडवतात. सावळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, म्हणून ९५ आहे पण मूल धापा टाकतंय तर मुलाकडे बघा.

मास्क एन-९५, भारतीय मानक ९४७३ छापलेला, डोक्यामागून पट्ट्यांचा. कानात अडकवायचा गालाशी सैल बसतो. झडपेचा नको. धुऊ नये, सॅनिटायझर मारू नये, त्याने तंतूंवरचा विद्युतभार जातो.

वसतिगृह_समिती

दोघांचेही मनापासून आभार, हे थेट आराखड्यात जाईल. दोन गोष्टी राहिल्या. सांडपाणी तपासून वसतिगृहातली साथ आधी कळते म्हणतात, ते आम्हाला जमेल का? आणि अतिनील दिवे, आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारी यंत्रं) विकणारे रोज येऊन बसतात, त्यांना काय सांगू? मेसबद्दलही कोणी लिहिलं तर बरं होईल.

साथरोग_ओपीडी

सांडपाण्याने कळतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात ऑगस्ट २०२० मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात कोविडचा विषाणू दिसला, तिथल्या ३११ जणांची तपासणी केली आणि लक्षणं नसलेले दोन बाधित सापडले. नमुना इमारतीतून बाहेर पडणाऱ्या चेंबरमधून, सकाळी सात ते नऊच्या वेळात घ्या. जाळीच्या कापडाची घडी दोरीला बांधून काही तास प्रवाहात सोडली तरी चालते. मग ४ अंशांवर ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. तुमच्या सेप्टिक टँकच्या दोन इमारतींत नमुना टाकीच्या आधीच्या चेंबरचा हवा, टाकीत कित्येक दिवसांचं पाणी मिसळलेलं असतं. बरी झालेली माणसंही काही आठवडे विषाणू टाकत राहतात, त्यामुळे एकदा साथ येऊन गेलेल्या इमारतीत नुसत्या ‘सापडला’ला अर्थ उरत नाही, प्रमाण वाढतंय का ते बघावं लागतं.

खेळती_हवा

छताजवळ बसवायचे अतिनील दिवे खरे आहेत, क्षयरोगाच्या वॉर्डात ते जुने आहेत. पण छत उंच लागतं, किरण माणसांच्या डोळ्यांवर येणार नाहीत असं मोजून बसवावं लागतं आणि हवा वर-खाली फिरावी लागते. हे मोजून देणारा अभियंता नसेल तर घेऊ नका. हातात धरायचे दिवे आणि आयोनायझर सरळ नाकारा. ते पैसे एक्झॉस्टला.

मेस_आणि_इस्टेट

मेस ही परिसरातली सगळ्यात धोक्याची जागा, कारण तिथे मास्क काढावाच लागतो आणि गप्पा मोठ्याने होतात. डिसेंबर २०२० मध्ये आयआयटी मद्रासमध्ये शंभराहून जास्त जण बाधित झाले, तेव्हा तिथे एकच मेस चालू होती आणि तिथल्या गर्दीकडेच बोट गेलं.

तुमचा हिशोब: ३०० पैकी १५० खुर्च्या, २५ मिनिटं जेवण, ५ मिनिटं पुसणं. तीन तासांत सहा पंगती, म्हणजे ९०० जण. उरलेल्या ७०० जणांना डबा, स्वतःच्या डब्यात, खिडकीतून. ‘सगळ्यांना बसून, अंतर ठेवून’ हे गणितातच बसत नाही. पंगत मजल्यानुसार लावा, म्हणजे न्हाणीघर वाटून घेणारेच एकत्र जेवतात आणि एक बाधित सापडला की संपर्काची यादी तयार असते. रांग उघड्यावर, पत्रा टाकून.

एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही. स्वयंपाकघराचा मोठा धुराडा-पंखा चालू असतो आणि मागच्या खिडक्या बंद असतात, तेव्हा तो वाढपाच्या खिडकीतून जेवणघराची हवा आत ओढतो. दीडशे जणांचा श्वास आचाऱ्यांच्या तोंडावरून जातो. उदबत्ती खिडकीत धरली की लगेच कळतं. मागची खिडकी उघडी ठेवा, जाळी लावून, हवा तिकडून येऊ द्या.

आचारी, वाढपी, सफाई कामगार, रखवालदार बहुतेक कंत्राटी असतात आणि दहा-दहा जण एका खोलीत झोपतात. आजारपणाची मजुरी कापली जाणार नाही आणि बदली माणसाचा खर्च विद्यापीठ देईल, असं कलम कंत्राटातच घाला. विद्यार्थ्यांना हजेरीची सवलत आणि आचाऱ्याला खाडा, असा आराखडा अन्यायाचा तर आहेच, शिवाय तो चालतही नाही: तापातला माणूस पोळ्या लाटायला उभा राहतो. कामगारांच्या दोन तुकड्या करा, एकमेकींत न मिसळणाऱ्या, झोपायच्या खोल्याही वेगळ्या. एक तुकडी आजारी पडली तर दुसरीने वरण-भात-भाजी एवढंच करायचं, तो साधा मेनू आधी ठरवून ठेवा.

फवारणीचा खर्च काढून टाका. माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच कळवलं होतं. कड्या, नळ, कठडे पुसायला हायपोक्लोराइट पुरे. ५ टक्क्यांच्या द्रावणाचं १ टक्का करायला एक भाग द्रावण, चार भाग पाणी. रोज नवं करा, उन्हात त्याचा दम जातो. संडास धुवायच्या ॲसिडच्या बादलीत ते कधीही पडता कामा नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्हींच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा आणि सफाई कामगारांना हातात धरून दाखवा.

पैशांचा क्रम विचारलात. हजेरीचा आदेश आणि तुकड्या निम्म्या करणं फुकट आहे, ते आधी. मग मीटर पाच-सहा, सगळ्या परिसरात फिरवायला. मग झरोके, जाळ्या, छज्जे. मग कंत्राटी कामगारांच्या आजारपणाची तरतूद, मास्क, किट. एक्झॉस्ट आणि फिल्टरची खोकी मीटरने दाखवलेल्या खोल्यांतच.

गटार_ते_गच्ची

वर सगळं आलं आहे, एकच भर: रिकाम्या ठेवलेल्या ८० खाटांच्या मजल्याची न्हाणीघरं. वापर नसला की मोरीतल्या ट्रॅपमधलं (गटाराची हवा अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी काही आठवड्यांत सुकतं आणि गटाराची हवा थेट वर येते. २००३ च्या सार्स साथीत हाँगकाँगच्या अमोय गार्डन्समध्ये तीनशेहून जास्त रहिवासी बाधित झाले, तिथे सुकलेले ट्रॅप आणि न्हाणीघरांचे एक्झॉस्ट पंखे या जोडीने सांडपाण्यातले कण खोल्यांत ओढले गेले होते. आयसोलेशनच्या मजल्यावर तुम्ही एक्झॉस्ट लावणारच आहात, तेव्हा हे तपासल्याशिवाय लावू नका. दर सोमवारी प्रत्येक मोरीत एक लिटर पाणी ओता, आणि वरून दोन चमचे खाद्यतेल सोडलं तर पाणी उशिरा सुकतं. त्याच फेरीत फ्लशच्या टाक्या ओढून घ्या, गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं बघा. बंद मजल्यावर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात, आणि साथीच्या दिवसांत डेंग्यूचा ताप आला तर त्या मुलाला नाहक बाधितांच्या खोलीत नेऊन ठेवलं जातं. म्हणून अँटिजेन निगेटिव्ह आणि ताप चालू असेल तर डेंग्यूची एनएस-१ चाचणीही त्याच दिवशी करा, पहिल्या पाच दिवसांत ती उपयोगी पडते.